डॉक्टरीणबाई दौऱ्यावर

"मला दौऱ्याच्या टीममधून काढलं," पावाला लोणी लावता लावता भिंगरीने सांगितलं, आणि लोणी पार कडेपर्यंत पोचलंय ना, हे मान तिरकी करून पाहिलं.

रविवारची सकाळ होती. भिंगरीच्या आईच्या हातातला चहाचा कप बशीवर जोरात आदळला. आई दातांची डॉक्टर. सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. इतक्या वर्षांत तिच्यासमोर बसलेल्या प्रत्येक माणसाने आ वासलेला होता आणि एकालाही बोलता येत नव्हतं, त्यामुळे उलट उत्तर ऐकायची सवय डॉक्टरीणबाईंना उरली नव्हती. त्यांचे यजमान ग्रंथपाल. त्यांना मोठ्याने बोलायची सवय उरली नव्हती. संसार अगदी छान चालला होता.

"काढलं? कधी काढलं?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी काढलं आणि आज सांगतेस?"

"काल तुझा मूड चांगला होता."

त्यांच्या फुटबॉल क्लबात बारा वर्षांखालच्या मुलामुलींच्या दोन टीम होत्या. दौऱ्याच्या टीमला निळे ट्रॅकसूट होते, पाठीवर नाव छापलेल्या बॅगा होत्या, आणि दर रविवारी ती बस करून कुठल्या ना कुठल्या गावाला मॅच खेळायला जायची. दुसरी हौशी टीम. तिलाही गणवेश होता, पण तो कुणाच्याच मापाचा नव्हता. ज्याला यायचं त्याने यावं, घरच्या मैदानावर खेळावं, भूक लागली की घरी जावं, असा तिचा कारभार. भिंगरीला दौऱ्याच्या टीममध्ये घालण्यासाठी डॉक्टरीणबाईंनी वर्षभर जिवाचं रान केलं होतं. पहाटे उठवून पळवलं होतं, उकडलेली अंडी कोंबली होती.

"कारण काय सांगितलं त्या सरांनी?"

"मी दात काढते म्हणाले."

"काय काढतेस?"

"दात. म्हणजे हसते गं. गोल हुकला की मला हसूच येतं. सर म्हणाले, इथे दात काढलेले चालत नाहीत."

"दात काढण्यावर हे घर चालतं म्हणावं!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "पोरगी हसते म्हणून काढली? चोरी केली असती तर काय केलं असतं, फाशी दिली असती?"

"अगं," ग्रंथपाल हळूच म्हणाले, "तिला वाईट वाटलंय का, ते तरी विचार."

"वाटलंय ना गं बाळा?"

भिंगरीने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. हौशी टीमची आज आपापसात मॅच आहे, इथेच. निघायची घाई नसते. आणि मध्ये पाणी प्यायला जाता येतं."

इथेच सगळं बिघडलं. पोरगी रडली असती तर डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ घेतलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण पोरगी मजेत पाव खात होती. तिच्या वाटणीचा रागही आता आईलाच करावा लागणार होता. तळपायाची आग मस्तकात गेली. दातओठ खाल्ल्याने दात झिजतात हे त्या पेशंटना रोज सांगत. आज ते विसरून त्या दातओठ खात तशाच उठल्या. पायात घरातल्या चपला होत्या, मोबाइल चार्जिंगला होता.

"बस अजून सुटली नसेल. त्या माणसाला जाब विचारून येते. तुम्ही हिला मैदानावर आणा, मी तिथेच भेटते."

"अगं, पण..." ग्रंथपाल म्हणाले. तोवर दार आपटलेलं होतं.

क्लबच्या फाटकापाशी बस घरघरत उभी होती. सर पुढच्या सीटजवळ दांडीला धरून उभे होते. आठवडाभर ते पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत आणि रविवारी मुलांचं चारित्र्य घडवत. गळ्यात शिट्टी होती, आणि बोलायच्या आधी ती वाजवायची खोड होती.

डॉक्टरीणबाई थेट पायऱ्या चढून आत गेल्या.

"तुमच्याशी बोलायचंय."

"मॅडम, आत्ता टीम फोकसमध्ये आहे."

"टीम असू दे फोकसमध्ये, तुम्ही माझ्याकडे बघा. माझ्या मुलीला का काढलंत?"

सरांनी शिट्टी तोंडाशी नेली, पण डॉक्टरीणबाईंची नजर पाहून खाली सोडली. "मॅडम, ही जिंकणाऱ्यांची टीम आहे. हरल्यावर ज्याच्या डोळ्यांत अंगार पेटत नाही, त्याने हौशी टीममध्ये जावं. तुमची मुलगी हसते. तिचं बघून बाकीचे हसतात. मागच्या मॅचला तर आमचा गोलकीपर गोल खाऊन हसला!"

"मग हरलात का?"

"जिंकलो."

"जिंकलात तरी रडताय?"

पुढचं बोलणं बरंच लांबलं. डॉक्टरीणबाईंनी सरांचं शिक्षण काढलं, त्यांच्या यंत्राचं पाणी गढूळ येतं हेही सांगितलं. सरांनी शिस्त, त्याग आणि देशाचं भवितव्य असे तीन विषय मांडले. आपण बोलताना तोल जाऊ नये म्हणून दांडी का धरावी लागतेय, हे डॉक्टरीणबाईंच्या उशिरा लक्षात आलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. क्लब नव्हता. गावही नव्हतं. हायवे होता.

"बस थांबवा!" त्या ड्रायव्हरवर ओरडल्या. "मी चढलेय ते दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं ना ताई. दर रविवारी कुणीतरी चढून भांडतंच. निम्मे लोक बसूनच येतात, मला वाटलं तुम्हीही येताय."

"थांबवा म्हणते ना!"

"इथे थांबलो तर मागचा ट्रक आपल्याला घेऊनच पुढे जाईल. परतीचा फाटा अजून लांब आहे. आणि तिथे वळलो तर मॅच बुडते."

"मॅच बुडणार नाही," सर म्हणाले, आणि या वेळी त्यांनी शिट्टी वाजवली.

रिकामी सीट एकच होती, भिंगरीची. डॉक्टरीणबाई तिथे धपकन बसल्या. शेजारी लांब वेण्यांची मुलगी होती, टीमची सगळ्यात जास्त गोल मारणारी. मागच्या सीटवर तिचे वडील, विमा एजंट, मोबाइल उंच धरून प्रवासाचं शूटिंग करत होते. मुलं सगळी डोळे मिटून बसली होती.

"झोपलीत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही," विमावाले कुजबुजले. "मनात गोल मारतायत. सरांची पद्धत आहे. पोचेपर्यंत बोलायचं नाही."

आपली भिंगरी इतके महिने या सीटवर अशी डोळे मिटून बसत होती, आणि आपण फाटकातून हात हलवत होतो! डॉक्टरीणबाईंना नवा राग आला. तो नक्की कुणाचा हे ठरवायच्या आत त्यांची नजर वेणीवालीच्या गालावर गेली. गाल चांगलाच सुजला होता.

"तोंड उघड."

मुलीने सवयीने आधी सरांकडे पाहिलं.

"तिकडे काय बघतेस? दात तुझे आहेत. उघड."

ड्रायव्हरकडून टॉर्च आला. एका नजरेत डॉक्टरीणबाईंना कळायचं ते कळलं. "दाढेखाली पू झालाय. कधीपासून दुखतंय?"

"मंगळवारपासून. बाबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, मॅच झाली की बघू."

डॉक्टरीणबाई सावकाश मागे वळल्या. विमावाल्यांनी मोबाइल खाली घेतला.

"साऱ्या गावाला सांगत फिरता ना तुम्ही, दुखणं सांगून येत नाही म्हणून? इथे पोरगी मंगळवारपासून सांगतेय!"

"नाही, म्हणजे, आजची मॅच जरा महत्त्वाची..."

"ही आज खेळणार नाही. परत पोचलो की थेट माझ्या दवाखान्यात आणायची."

"मॅडम!" सर उठले. "ती आमची स्ट्रायकर आहे! थोडं दुखणं अंगावर काढल्याशिवाय खेळाडू घडत नाही!"

"अंगावर काढायला ते काय स्वेटर आहे?"

तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला. "डॉक्टरकाकू, माझी पण दाढ दुखतेय."

तो गोलकीपर होता. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारला. दाढ ठणठणीत होती. मग पलीकडच्या खिडकीपाशी एक हात वर झाला. त्याच्या मागून दोन. बघता बघता अख्ख्या टीमच्या गालांवर हात गेले. डॉक्टरीणबाई हलत्या बसमध्ये सीट धरत धरत एकेकाच्या तोंडात बघत गेल्या. एकाने दुखते म्हणून जी जागा दाखवली, तिथे दातच नव्हता.

"हा तर पडून गेलाय."

"म्हणूनच दुखत असेल," तो कळवळून म्हणाला. मग अगदी हळू आवाजात, "काकू, फक्त आजच्या दिवस सांगा ना."

दातांच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही, हा डॉक्टरीणबाईंचा नियम होता. त्या बसच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"सर, तुमच्या टीमचे दात एकीचे सोडून उत्तम आहेत. यांना दाढ दुखत नाहीये. यांना तुम्ही दुखताय."

सरांची दातखीळ बसली. विमावाल्यांना मात्र कंठ फुटला. "मॅडम, तुमच्या मुलीला काढलं म्हणून तुम्ही हे बोलताय. ती टीममध्ये असती, तर तुम्हीही म्हणाला असता, मॅच झाली की बघू."

हे बरंचसं खरं होतं, त्यामुळे डॉक्टरीणबाई आधीपेक्षा जास्त चिडल्या आणि पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेरच्या खांबांवर डोळे वटारत बसल्या.

बस पोचली तेव्हा समोर सुंदर हिरवं मैदान होतं. त्यावर एकही माणूस नव्हता. एक वॉचमन पाइपने पाणी मारत होता.

"मॅच?" तो म्हणाला. "आमची पोरं तर मॅचला गेली, साहेब. उजाडायच्या आधीच बस सुटली."

"कुठे गेली?"

वॉचमनने सांगितलं. ते यांचंच गाव होतं.

सरांचा चेहरा ओल्या चुन्यासारखा झाला. "पण मॅच इथे होती!"

"तुम्ही त्यांना विचारलं होतंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"विचारायचं काय त्यात? आम्ही दौऱ्याची टीम आहोत. आम्ही घरी खेळत नाही!"

"त्यांचीही दौऱ्याचीच टीम असेल."

सरांनी समोरच्या टीमच्या सरांना फोन लावला. तो स्पीकरवर नव्हता, पण त्याची गरजही नव्हती.

"आम्ही मैदानावर उभे आहोत!" सर ओरडले. "तुम्ही आला नाहीत! नियमाने आम्ही जिंकलो!"

"आम्हीही मैदानावर उभे आहोत!" पलीकडून आवाज आला. "तुम्ही आला नाहीत! आम्ही जिंकलो!"

"मैदान कुणाचं आहे ते बघा!"

"मैदान तुमचं आणि तुम्हीच गैरहजर! लाज नाही वाटत?"

दोन्ही टीम आपापल्या परीने विजयी झाल्या होत्या आणि दोन्ही सर संतापाने थरथरत होते. ड्रायव्हरने जाहीर केलं की आता तो दोन घास खाऊन झोप काढणार, त्याशिवाय गाडी हलणार नाही. डॉक्टरीणबाईंनी विमावाल्यांच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि नवऱ्याचा नंबर फिरवला.

"अहो, मी!"

"अगं, आहेस कुठे?" ग्रंथपाल कुजबुजले. "इथे एक बस आलीय. लाल ट्रॅकसूटवाली टीम आहे. समोर कुणी नाही म्हणून त्यांनी आपल्या हौशी टीमशीच मॅच लावलीय."

"भिंगरी खेळतेय?"

"खेळतेय."

"स्कोअर?"

"आपला सांगू की त्यांचा?"

"दोन्ही सांगा हो!"

"त्यांचे सात. आपलं अजून ठरायचंय."

"मोठ्याने बोला ना जरा! आत्ता काय चाललंय?"

"अगं, लोक मॅच बघतायत, मोठ्याने कसं बोलू? भिंगरीकडे बॉल आलाय."

"मग?"

"गेला."

"कुणाकडे?"

"त्यांच्याकडे. आठ झाले." मग जरा वेळाने त्यांचा आवाज चक्क चढला. "अगं, भिंगरी एकटीच पुढे पळतेय! समोर फक्त गोलकीपर..."

आणि मोबाइल बंद पडला. सकाळपासूनच्या शूटिंगने त्याची बॅटरी संपली होती. डॉक्टरीणबाईंनी विमावाल्यांकडे अशा नजरेने पाहिलं की ते दोन पावलं मागे सरकून पाण्याच्या पाइपवर घसरून पडले. वर्षभर ज्या मॅचसाठी धडपड केली, ती मॅच आपल्याच मैदानावर चालली होती, आणि आपण इथे घरातल्या चपला घालून एका वॉचमनसमोर उभ्या होतो.

आता राग काढायला सरच उरले होते. पण सर गवतावर बसून क्लबच्या ग्रुपवर विजयाची बातमी लिहीत होते आणि शिट्टी बाजूला पडली होती. वॉचमनने कोपऱ्यातल्या खोलीतून एक टक्कल पडलेला बॉल आणून मुलांकडे भिरकावला. "आलाच आहात तर खेळा की! मैदान काय लोणच्यात घालायचंय?"

मुलांनी सरांकडे पाहिलं. सर मोबाइलमध्ये होते. पुढच्या क्षणी सगळी टीम मैदानात होती. दातांची साथ इतक्या झटपट आटोक्यात आलेली डॉक्टरीणबाईंनी कधी पाहिली नव्हती. फक्त वेणीवाली गालावर ओला रुमाल धरून रेषेवर बसली होती. तिने पडलेली शिट्टी उचलली आणि ती रेफरी झाली. दोन बाजू समान होईनात, तेव्हा तिने मोठ्यांना आत बोलावलं. नाही म्हणायची सोय नव्हती. ती शिट्टी फार जोरात वाजवत होती. पहिल्या पाचच मिनिटांत तिने वडिलांना नुसतं उभं राहिल्याबद्दल बाहेर काढलं.

डॉक्टरीणबाई गोलमध्ये उभ्या राहिल्या. आलेला पहिला बॉल त्यांनी पायाने अडवायला पाहिला. बॉल गोलमध्ये गेला आणि चपलेने त्याच्या पाठोपाठ झेप घेतली. "थांबा रे मेल्यांनो!" त्या ओरडल्या. "माझी चप्पल! दुसरा मारलात तर बघा!" मुलांनी लगेच दुसरा मारला. त्यांनी रेफरीशी हुज्जत घातली, स्वतःच्याच बाजूच्या मुलाला पाडलं आणि ऑफसाइड म्हणजे काय हे माहीत नसताना तीनदा ऑफसाइडसाठी भांडण केलं. सकाळपासून पोटात साठलेला राग असा पळून पळून बाहेर पडत होता. ड्रायव्हरला जाग आली तेव्हा मुलं निघायला तयार नव्हती आणि डॉक्टरीणबाईही नव्हत्या.

परतीच्या बसमध्ये कुणी डोळे मिटले नाहीत. कलकलाटात गोलकीपर म्हणाला, "मी पुढच्या रविवारपासून हौशी टीममध्ये जाणार." त्यावर "मी पण, मी पण" सुरू झालं. सरांनी शिट्टी शोधली. ती अजून वेणीवालीकडेच होती.

उतरल्याबरोबर डॉक्टरीणबाईंनी बापलेकीला दवाखान्यात नेलं आणि दाढेचं काम केलं. विमावाले खुर्चीपाशी लेकीचा हात धरून मुकाट उभे राहिले. ते काम संपवून घराकडे निघताना डॉक्टरीणबाईंचं मन हलकं झालं होतं. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं. बाळा, तुझंच बरोबर होतं. तू खुशाल हौशी टीममध्ये खेळ. आईचं चुकलं.

घरात शिरल्या तर भिंगरी टेबलाशी बसली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, पुढ्यात न शिवलेलं ताट, आणि डोळ्यांत अंगार.

"काय गं बाळा?"

"अकरा-एक!" भिंगरीने टेबलावर मूठ आपटली.

"अगं, पण एक तरी गोल झाला ना! कुणी मारला?"

"मी मारला! पण तो गोल नव्हेच! त्यांचा गोलकीपर तेव्हा बुटाची नाडी बांधत होता!"

"मग काय झालं? मजा आली ना?"

"मजा?" भिंगरीने आईकडे परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "आई, ते लोक कसले भारी खेळतात माहितीये? न बघता पास देतात! आणि आमचा एकजण मॅच सोडून पाणी प्यायला गेला, तो आलाच नाही! मला त्यांच्यासारखं खेळायचंय. मला दौऱ्याच्या टीममध्ये परत जायचंय."

डॉक्टरीणबाई मटकन खुर्चीवर बसल्या. "अगं, तिथे काय चालतं ते मी आज डोळ्यांनी बघून आलेय. मुलांना साधं बोलू देत नाहीत!"

"मला माहितीये. मी होते तिथे. तू आज पहिल्यांदा गेलीस."

"मी त्या माणसाला बसमध्ये सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललेय! आता कुठल्या तोंडाने..."

"तू कशाला जातेस? मी जाईन."

"अहो, तुम्ही तरी सांगा हिला!"

ग्रंथपालांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी बघितलं आणि जपून बायकोपुढे धरला. सरांचा होता. डॉक्टरीणबाईंनी पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या. पण पलीकडचा आवाज मवाळ होता.

"मॅडम, टीममध्ये चारच मुलं उरलीत. बाकी सगळी हौशी टीममध्ये नाव घालून आली. तुमच्या मुलीला परत घ्यायचा विचार आहे. म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

डॉक्टरीणबाईंनी फोन लेकीच्या हातात दिला. "तुझा आहे."

भिंगरीने फोन कानाला लावला. "हो सर. येईन ना. पण मी बसमध्ये डोळे मिटून बसणार नाही."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग काहीतरी पुटपुटणं झालं.

"आणि कुणाला काही दुखत असेल तर त्याला त्या दिवशी खेळवायचं नाही."

पुन्हा शांतता. पुन्हा पुटपुटणं.

"आणि शेवटचं म्हणजे, सर," भिंगरीने आवाज खाली आणला, "माझ्या आईला बसमध्ये चढू द्यायचं नाही."

या वेळी शांतता झालीच नाही. पलीकडून 'हो' आला, तो इतक्या जोरात आणि इतका मनापासून आला की टेबलाच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू गेला.

"कशाला हो म्हणाला गं तो?" डॉक्टरीणबाईंनी भुवया चढवून विचारलं.

"काही नाही," भिंगरी म्हणाली, आणि ताट पुढे ओढून जेवायला लागली.